मोबाईल खिशात घाल म्हणाले, म्हणून लिहितोय

व्हिडिओ एक मिनिट बारा सेकंदांचा आहे. सुरुवातीला टेबलाची कड दिसते, काचेखाली दाबलेलं जुनं कॅलेंडर, लाल कापडी बांधणीचं जाडजूड रजिस्टर, आणि त्या रजिस्टरवर ठेवलेला एक हात. हातात पेन आहे पण टोपण काढलेलं नाही. मग मोबाईल खाली झुकतो आणि नुसती फरशी आणि आमच्या पोराच्या चपला दिसत राहतात. आवाज मात्र स्वच्छ आहे. "साहेब, चोरीची तक्रार घ्या की, तिसऱ्यांदा आलोय." मग, "अर्ज देऊन जा म्हणलं ना." मग बराच वेळ कुणीच बोलत नाही, पंख्याची खडखड ऐकू येते, खुर्ची मागं सरकते, "ए, शूटिंग करतोय का रे? आण इकडं," आणि एक तळहात स्क्रीनभर येतो. तिथं संपतं.

पोरगा म्हणजे माझा आतेभाऊ, वय २२. त्याला विचारून लिहितोय, आणि नाव, गाव, पोलीस ठाणं काही टाकायचं नाही या अटीवर त्यानं होकार दिलाय, त्यामुळं तेवढं कुणी विचारू नका. झालं असं की त्यांच्या विहिरीतली पाच एचपीची पाणबुडी मोटर आणि वरची सगळी केबल एका रात्रीत गेली. ज्यांची शेती आहे त्यांना सांगायला नको, कांद्याला पाणी द्यायच्या ऐन दिवसात मोटर जाणं म्हणजे काय असतं ते. पहिल्या दिवशी गेला तर साहेब बंदोबस्ताला. दुसऱ्या दिवशी गेला तर "अर्ज लिहून दे, बघू." त्यानं अर्ज दिला. पोहोच मागितली तर शिक्का मिळाला नाही. तिसऱ्या दिवशी त्यानं मोबाईलचं रेकॉर्डिंग चालू करून हात टेबलापाशी धरला, लपवून नाही, पण सांगूनही नाही. पुढचं वर लिहिलंच आहे. मोबाईल हिसकावला, व्हिडिओ डिलीट केला, आतल्या खोलीत नेऊन दोन कानाखाली दिल्या आणि सांगितलं की परत असलं काही केलंस तर तीनशे त्रेपन्न लावीन, मग बस भरतीची स्वप्नं बघत.

ही शेवटची गोष्ट त्याच्या वर्मी लागली. कारण पोरगा दोन वर्षं पोलीस भरतीची तयारी करतोय. रोज पहाटे सव्वापाचला ग्राउंडवर, सोळाशे मीटरचं टायमिंग, गोळाफेक, दुपारी अंकगणित आणि चालू घडामोडी. त्याला पोलीसच व्हायचंय. आणि तीनशे त्रेपन्नचा गुन्हा एकदा नावावर चढला की चारित्र्य पडताळणीत काय होतं ते आमच्याकडच्या प्रत्येक भरतीवाल्या पोराला पाठ असतं. चार दिवस तो घरात कुणाशी बोलला नाही. ग्राउंडला का जात नाहीस म्हणून मी खोदून विचारलं तेव्हा सांगितलं. डिलीट केलेला व्हिडिओ मोबाईलच्या ट्रॅशमध्ये ३० दिवस राहतो हे त्या साहेबांना माहीत नव्हतं, पोराच्याही लक्षात नव्हतं, आम्ही दोघांनी ओट्यावर बसून तो परत आणला.

तर मला या तीनशे त्रेपन्नबद्दल बोलायचंय, कारण आपल्याकडं हा आकडा नुसता उच्चारला तरी माणूस गप्प होतो. जुन्या भारतीय दंड संहितेचं कलम ३५३ म्हणजे सरकारी नोकराला त्याच्या कामापासून रोखण्यासाठी हल्ला करणं किंवा बळाचा वापर करणं. महाराष्ट्रानं मधे दुरुस्ती करून त्याची शिक्षा दोन वर्षांवरून पाच वर्षांवर नेली होती, वर गुन्हा अजामीनपात्र, धाक बसला तो तिथून. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, तिच्यात हेच कलम १३२ झालं आणि शिक्षा पुन्हा दोन वर्षांपर्यंत आहे, पण पोलीस ठाण्यात, तहसीलमध्ये, एसटी स्टँडवर अजूनही सगळे तीनशे त्रेपन्नच म्हणतात. नंबर कुठलाही असो, कलमात शब्द काय आहेत बघा. हल्ला. बळाचा वापर. टेबलाच्या पलीकडं उभं राहून मोबाईल धरला यात हल्ला कुठं आला? नुसत्या अडथळ्याचं कलम वेगळं आहे, जुनं १८६, आताचं २२१, तीन महिन्यांपर्यंतची शिक्षा, आणि तिथंही खरोखर अडथळा आणलेला असावा लागतो. कुणी बघतंय म्हणून काम करता येत नाही, असा अडथळा कायद्यात नाही.

दुसरी धमकी देतात ती ऑफिशियल सिक्रेट्स अॅक्टची. "पोलीस स्टेशन आहे हे, गुप्त ठिकाण आहे, इथं शूटिंगला बंदी आहे." १९२३ चा कायदा, इंग्रजांनी हेरगिरीसाठी केलेला. हा कायदा आपल्या महाराष्ट्रात खरोखर लावला गेलाय, म्हणून ही माहिती प्रत्येकाच्या खिशात असायला पाहिजे. वर्ध्याला २०१८ मध्ये शेजाऱ्यांच्या भांडणातून एक माणूस पोलीस ठाण्यात गेला, तिथं चाललेल्या बोलण्याचा त्यानं व्हिडिओ काढला, तर त्याच्यावर या कायद्याखाली गुन्हा. तो माणूस नागपूर खंडपीठात गेला आणि जुलै २०२२ मध्ये न्या. मनीष पितळे आणि न्या. वाल्मिकी मेनेझेस यांनी तो गुन्हा रद्द केला. कारण अगदी साधं दिलं. कायद्याच्या कलम २(८) मध्ये 'प्रतिबंधित ठिकाण' म्हणजे काय काय ते सगळं लिहिलंय, त्यात पोलीस ठाणं नाही. विषय संपला. तरी त्याच सुमारास, २०२२ मध्येच, नगर जिल्ह्यातल्या पाथर्डीत दोन भावांवर पोलिसांशी झालेलं बोलणं रेकॉर्ड केलं म्हणून पुन्हा हाच कायदा लावला, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये औरंगाबाद खंडपीठानं पुन्हा तेच सांगून त्या कायद्याचा गुन्हा रद्द केला.

वाचायला बरं वाटतं, हायकोर्टानं रद्द केला. पण मधली वर्षं बघा ना. वर्ध्याच्या माणसाची चार वर्षं गेली. वकील, तारखा, कामाचे खाडे, गावात 'ह्याच्यावर केस आहे' म्हणून होणारी कुजबुज. कोर्टात टिकणार नाही हे माहीत असूनही गुन्हा दाखल करता येतो आणि तोवर माणूस दमून जातो, हीच खरी शिक्षा आहे आणि ती द्यायला कुठला न्यायाधीश लागत नाही. आमच्या पोराला तर गुन्हाही दाखल करावा लागला नाही, नुसता आकडा सांगून भागलं.

आता घरातली गोष्ट सांगतो, कारण हे प्रकरण आमच्या घरात सोपं नाहीये. माझे थोरले चुलते, आम्ही अण्णा म्हणतो, ३१ वर्षं पोलीस खात्यात होते, हवालदार म्हणून रिटायर झाले. त्यांना हा व्हिडिओ दाखवायची माझी हिंमत होत नव्हती. दाखवला. त्यांनी चष्मा काढून, मोबाईल लांब धरून बघितला आणि पहिलं वाक्य काय बोलले तर, "ह्यानं आधी विचारायला पाहिजे होतं." मला राग आला. म्हणलं, अण्णा, विचारलं असतं तर घेऊ दिलं असतं का? त्यावर ते गप्प बसले. मग सांगायला लागले, आणि ते जे बोलले ते मला टाकून देता येत नाही.

अण्णांचं म्हणणं, तुम्हाला बारा-चौदा तासाची ड्युटी माहीत नाही. खरंच आहे ते. आठ तासाची ड्युटी असावी ही साधी गोष्ट मुंबईत प्रयोग म्हणून सुरू व्हायला २०१६ साल उजाडलं, तीही देवनार पोलीस ठाण्यातल्या रवींद्र पाटील नावाच्या कॉन्स्टेबलनं आराखडा करून वरिष्ठांना पटवून दिला म्हणून. अण्णा म्हणतात, चौकात उभं राहून पाय सुजलेत, सकाळपासून डबा उघडला नाही, आणि कुणीतरी पोरगं येतं, तोंडासमोर मोबाईल धरतं, "तुमचं नाव सांगा, तुमचा हेल्मेट कुठंय, जनतेला उत्तर द्या," असं मुद्दाम उचकवतं, आपण एक शब्द वाकडा बोललो की तेवढाच तुकडा कापून टाकतं, वर म्युझिक लावतं. बायको-पोरं तो व्हिडिओ बघतात. आणि अण्णा विलास शिंदेंची आठवण काढतात. २०१६ च्या ऑगस्टमध्ये मुंबईत खारला वाहतूक पोलीस विलास शिंदे यांनी विनाहेल्मेट गाडी चालवणाऱ्या पोराला अडवलं म्हणून त्यांच्या डोक्यात घाव घातला गेला, आठवडाभर झुंज देऊन ते गेले. त्या काळात पोलिसांवरच्या हल्ल्यांनी सगळं खातं हादरलं होतं, तीनशे त्रेपन्नची शिक्षा वाढली ती त्याच वातावरणात. हे सगळं मला मान्य आहे. पोलिसावर हात उचलणाऱ्याला कडक शिक्षा झालीच पाहिजे, त्यात दुमत नाही. माझ्या डोळ्यासमोर अण्णांचे रात्री उशिरा घरी आल्यावर मिठाच्या पाण्यात ठेवलेले पाय आहेत.

पण मग मी त्यांना विचारलं, अण्णा, तुमच्या खिशात ती छोटी डायरी असायची ना, ती कशासाठी? म्हणाले, नोंदीसाठी. कुठं गेलो, किती वाजता गेलो, कोण भेटलं. आणि स्टेशन डायरी? नोंदीसाठी. आणि पंच? ते हसले नाहीत, सरळ म्हणाले, "आपण केलेलं काम दुसऱ्या कुणीतरी डोळ्यांनी बघितलंय, म्हणून." मग त्यांनीच सांगितलं की रात्री दोन वाजता छाप्याला पंच कुठून आणायचा, ठाण्यासमोरच्या चहाच्या गाडीवाल्याला उठवायचो, तोच माणूस बारा-पंधरा केसेसमध्ये पंच, मग कोर्टात वकील विचारायचा की तू दर वेळी तिथंच कसा असतोस, तो गडबडायचा आणि आरोपी सुटायचा. खरोखर मुद्देमाल सापडलेला असायचा, खरोखर चोर असायचा, तरी सुटायचा. हे सांगताना अण्णांच्या आवाजात जी तगमग होती ती मी विसरणार नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे आणि ते मला अण्णांच्या या बोलण्यातूनच सापडलं. पोलीस खातं नोंदीवर चालतं. वेळ, जागा, साक्षीदार, सही. सामान्य माणसाच्या हातातला मोबाईल ही त्याच नोंदीची त्याची बाजू आहे. त्याच्याकडं स्टेशन डायरी नाही, शिक्का नाही, पंच बोलवायचा अधिकार नाही, त्याच्याकडं तेवढा मोबाईल आहे. त्याला उद्धटपणा का म्हणायचं? आणि पोलिसांना तर कायद्यानंच आता कॅमेरा हातात दिलाय. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ नुसार झडती आणि जप्ती करताना ऑडिओ-व्हिडिओ रेकॉर्डिंग केलंच पाहिजे, शक्यतो मोबाईलवरच, आणि ते विनाविलंब मॅजिस्ट्रेटकडं पाठवलं पाहिजे. म्हणजे माझ्या घराची झडती होताना माझं कपाट, माझ्या आईच्या साड्या, देवघर, सगळं शूट होणार, आणि ते योग्यच आहे, कारण त्यानं मलाही संरक्षण मिळतं आणि अधिकाऱ्यालाही. मग माझी तक्रार घेतानाच कॅमेरा का खुपतो?

रस्त्यावर तर ट्रॅफिकवाले आपले फोटो काढतातच. २०२५ च्या जुलैमध्ये राज्याच्या वाहतूक पोलीस मुख्यालयाला परिपत्रक काढून सांगावं लागलं की स्वतःच्या खासगी मोबाईलवर गाड्यांचे फोटो काढून नंतर सोयीनं ई-चलान टाकू नका, कारवाई होईल. ट्रान्सपोर्टवाल्यांच्या तक्रारी किती असतील तेव्हा हे निघालं असेल.

आणि जे म्हणतात की पोलीस ठाण्यात सीसीटीव्ही आहेत, तुमच्या मोबाईलची गरजच काय, त्यांना मी शांतपणे काही गोष्टी सांगू इच्छितो.

पोलीस ठाण्यात सीसीटीव्ही लावा हा आदेश मुंबई हायकोर्टानं २०१४ मध्येच दिलाय, वडाळ्याच्या कोठडीमृत्यूच्या प्रकरणात. नंतर २ डिसेंबर २०२० ला सुप्रीम कोर्टानं, परमवीर सिंग सैनी यांच्या खटल्यात, सगळ्या देशाला सांगितलं. नुसतं कॅमेरे लावा असं नाही सांगितलं, एवढं बारीक सांगितलंय की वाचून थक्क व्हायला होतं. येण्याजाण्याची दारं, सगळ्या कोठड्या, व्हरांडे, स्वागतकक्ष, अधिकाऱ्यांच्या खोल्या, स्वच्छतागृहाच्या बाहेर, ठाण्याच्या मागची बाजू, कुठलाच कोपरा सुटता कामा नये. अंधारात दिसलं पाहिजे, आवाजही रेकॉर्ड झाला पाहिजे, साठवण १८ महिन्यांची, अगदीच शक्य नसेल तर एक वर्षाच्या खाली नाही. आणि दर्शनी भागात स्थानिक भाषेतला मोठा बोर्ड पाहिजे की इथं सीसीटीव्ही आहे, आणि तुमच्या हक्काचं उल्लंघन झालं तर तुम्ही मानवी हक्क आयोगाकडं, एसपींकडं तक्रार करू शकता, फुटेज जपून ठेवायला लावण्याचा तुम्हाला हक्क आहे. असा बोर्ड तुमच्या ठाण्यात मराठीत लावलेला तुम्ही पाहिलाय का? मी आमच्याकडं गेल्यावर चारी भिंती बघितल्या. वॉन्टेड लोकांचे फोटो आहेत, सायबर फ्रॉडचं पोस्टर आहे, 'सद्रक्षणाय खलनिग्रहणाय' आहे. तो बोर्ड नाही.

२०२२ मध्ये हायकोर्टानं राज्य सरकारला हिशोब विचारला तेव्हा उत्तर आलं की राज्यातल्या १,०८९ पोलीस ठाण्यांपैकी ५४७ मध्ये कॅमेरे बसलेत, एकूण कॅमेरे ६,०९२, त्यातले ४५३ बंद. म्हणजे पहिल्या आदेशाला आठ वर्षं होत आली तरी निम्म्या ठाण्यांत कॅमेराच नव्हता. आणि सप्टेंबर २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानं स्वतःहून पुन्हा दखल घेतली, कारण बातमी आली की एकट्या राजस्थानात सात-आठ महिन्यांत पोलीस कोठडीत ११ जण मेले.

कॅमेरा असून काय होतं त्याचं सगळ्यात वाईट उदाहरण तामिळनाडूतलं साथानकुलम. जून २०२०, लॉकडाऊनचे दिवस, मोबाईलचं दुकान वेळेनंतर उघडं ठेवलं या आरोपावरून बाप आणि मुलगा दोघांना नेलं, रात्रभर मारलं, काही दिवसांत दोघंही गेले. मदुराई खंडपीठानं चौकशीला मॅजिस्ट्रेट पाठवले. ठाण्यात कॅमेरे होते, १ टीबीची हार्डडिस्क होती, जागा भरपूर होती, पण सेटिंग असं करून ठेवलेलं की रोजचं रेकॉर्डिंग रोज पुसलं जाईल. मॅजिस्ट्रेटांनी तसं रिपोर्टात लिहिलं. त्या रात्री काय झालं ते कळलं कुणामुळं, तर त्याच ठाण्यातल्या एका महिला हेडकॉन्स्टेबलमुळं, जिनं घाबरत घाबरत का होईना, मॅजिस्ट्रेटसमोर खरं सांगितलं. वर्दीतल्या त्या बाईंबद्दल माझ्या मनात जो आदर आहे तो शब्दात मांडता येत नाही. कॅमेरा तिथं जागचा हलला नव्हता, तरी साक्ष माणसालाच द्यावी लागली.

आपल्या सांगलीतलं २०१७ चं प्रकरण तर अजून ताजं आहे. चोरीच्या संशयावरून पकडलेला तरुण कोठडीत मारहाणीत मेला, आणि पोलिसांनी बाहेर काय सांगितलं, तर आरोपी पळून गेले. मृतदेह नेला आंबोलीला आणि जाळला. घरच्यांनी ठिय्या मारला नसता, सांगली पेटून उठली नसती, तर 'पळून गेला' हीच नोंद सरकारी कागदावर राहिली असती. अमेरिकेत जॉर्ज फ्लॉइडच्या वेळी तेच, मे २०२०, मिनियापोलिस पोलिसांच्या पहिल्या निवेदनात लिहिलं होतं की वैद्यकीय कारणानं माणूस दगावला. १७ वर्षांची एक मुलगी, डार्नेला फ्रेझर, फुटपाथवर उभं राहून शूट करत होती म्हणून मानेवरचा गुडघा जगाला दिसला. पहिली नोंद नेहमी पोलिसांची असते. म्हणून दुसरी नोंद लागते. एवढंच.

आता अण्णांच्या म्हणण्यातला जो भाग मला पटतो तो लिहितो, आणि यावर माझ्या मित्रांशीही माझं वाजलंय. रेकॉर्ड करणं आणि व्हायरल करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि आपण त्या एकच करून टाकल्यात. पोलीस ठाण्यात शेजारच्या बाकावर कुणीतरी बाई बसलेली असते, नवऱ्यानं मारलंय म्हणून आलेली, किंवा एखादी लहान मुलगी आईचा पदर धरून बसलेली. तुमच्या व्हिडिओच्या कडेला तिचा चेहरा आला आणि तुम्ही तो ग्रुपवर टाकला तर तिचं काय होईल? लैंगिक गुन्ह्यातल्या पीडितेची ओळख उघड करणं हा तर सरळसरळ गुन्हा आहे, लहान मुलांच्या बाबतीत पोक्सोमध्ये तसं स्पष्ट आहे. पकडून आणलेल्या आरोपीचंही तेच, अजून काही सिद्ध झालेलं नसतं. आणि माईक घेऊन हवालदाराच्या मागं पळणारे, दहा मिनिटातले वीस सेकंद काढून टाकणारे, यांनी सगळ्यात जास्त नुकसान कुणाचं केलं असेल तर आमच्या पोरासारख्यांचं. कारण आता मोबाईल दिसला की पोलिसाला वाटतं, हा तसलाच.

पूर्ण रेकॉर्डिंग ठेवा, कापू नका, ओरिजिनल फाईल त्याच मोबाईलमध्ये राहू द्या. हे मी उगाच सांगत नाही. जालन्याच्या निवडणुकीचा खोतकर-गोरंट्याल खटला आठवत असेल, त्यात जुलै २०२० मध्ये सुप्रीम कोर्टानं पक्कं केलं की इलेक्ट्रॉनिक पुराव्याची कॉपी द्यायची तर सोबत सर्टिफिकेट लागतंच, नाहीतर मूळ यंत्रच कोर्टात हजर करावं लागतं. नव्या साक्ष अधिनियमात तेच कलम ६३ मध्ये आलंय आणि सर्टिफिकेटच्या नमुन्यात फाईलची हॅश व्हॅल्यू, म्हणजे त्या फाईलचा आकडे-अक्षरांतला ठसा, तोपण लिहायचा असतो, म्हणजे नंतर एक सेकंद जरी इकडचा तिकडं केला तरी पकडला जातो. व्हॉट्सअॅपवर दहा हात फिरून आलेला व्हिडिओ पुरावा म्हणून किती कच्चा असतो हे आपल्या लोकांना कुणी सांगतच नाही.

नावाचंही बघा. सुप्रीम कोर्टाच्या १९९६ च्या डी. के. बसू निकालापासून, अटक करणाऱ्या आणि चौकशी करणाऱ्या पोलिसाच्या छातीवर नाव आणि हुद्दा स्पष्ट दिसेल अशी नेमप्लेट पाहिजे, आता ते कायद्यातही आहे. पावसाळ्यात रेनकोट, हिवाळ्यात जॅकेट, आणि एरवी साध्या कपड्यातलं पथक. आमच्या पोराला ज्यानं मारलं त्याचं नाव त्याला आजही माहीत नाही. साध्या कपड्यात होता, गळ्यात रुमाल होता. बक्कल नंबर कुठून बघणार?

मला वाटतं की राज्याच्या पोलीस महासंचालकांनी एका पानाचं परिपत्रक काढावं, की तक्रार देणारा माणूस स्वतःच्या बोलण्याचं रेकॉर्डिंग करू शकतो, इतर लोकांचे चेहरे येऊ देऊ नयेत, तपासाच्या कागदांचे फोटो काढू नयेत, किती अंतरावर उभं राहावं, आणि मोबाईल घ्यायचाच असेल तर जप्तीचा पंचनामा करूनच घ्यावा, हातातून ओढून नाही. आज नियम कुठंच लिहिलेला नाही म्हणून ज्याचा आवाज मोठा त्याचा नियम. लिहिलेला असला तर माझ्या अण्णांसारख्या प्रामाणिक माणसाला पण बरं, उचकवणाऱ्याला तो बोट दाखवून सांगू शकेल, बाबा तिथं उभा राहा आणि काढ. पोलीस तक्रार प्राधिकरण म्हणून एक गोष्ट आहे हेही किती जणांना माहीत आहे? सुप्रीम कोर्टानं २००६ मध्ये प्रकाश सिंह खटल्यात सांगितलं, आपल्याकडं २०१४ च्या दुरुस्तीनं पोलीस कायद्यात आलं. एकाही पोलीस ठाण्याच्या भिंतीवर मी त्याचा पत्ता पाहिलेला नाही.

मोटरच्या चोरीचं शेवटी काय झालं ते सांगतो. दखलपात्र गुन्ह्याची खबर दिली की एफआयआर घ्यावाच लागतो हे सुप्रीम कोर्टाच्या ललिता कुमारी निकालानं २०१३ मध्ये सांगून ठेवलंय, आणि ठाण्यानं नाही घेतला तर लेखी मजकूर पोस्टानं एसपींना पाठवता येतो, आता नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३(४). आम्ही रजिस्टर्ड पोस्टानं पाठवला. आठव्या दिवशी ठाण्यातून फोन आला, या, तक्रार घेतो. घेतली. अगदी नीट, खुर्ची देऊन. मोटर अजून मिळालेली नाही, आत्यानं सोनं गहाण ठेवून दुसरी घेतली.

आणि कानाखाली दिल्या त्याचं. मी माझ्या नावानं माहिती अधिकारात अर्ज टाकला, जोडपत्र अ, दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प, त्या दिवसाचं सकाळी अकरा ते बाराचं व्हरांड्याचं आणि आतल्या खोलीच्या दारावरचं फुटेज मागितलं. एकोणतिसाव्या दिवशी उत्तर आलं. सदर कालावधीत यंत्रणा तांत्रिक कारणास्तव बंद असल्याने फुटेज उपलब्ध नाही. मी पहिलं अपील केलंय. बंद होती तर कधीपासून, दुरुस्तीसाठी कुणाला कधी कळवलं, त्या पत्राची प्रत द्या, असं त्यात विचारलंय. मुद्दे अण्णांनी काढून दिले. रिटायर झाल्यापासून पहिल्यांदा ते ठाण्याच्या कामात एवढे लक्ष घालून बसलेले बघतोय, दोन संध्याकाळ चष्मा लावून, माझा मसुदा वाचून, "हे काट, हे भावनेचं आहे, तारीख घाल."

सुनावणी पुढच्या महिन्यात आहे. व्हिडिओ अपिलाला जोडायचा की नाही ते अजून ठरत नाहीये. माझ्याकडं कॉपी आहे, ओरिजिनल पोराच्या मोबाईलमध्ये आहे आणि तो त्याचा आहे, त्याच्या होकाराशिवाय मी जोडणार नाही. परवा पुन्हा विचारलं. ग्राउंडवरून आला होता, बूट हातात, अंगभर धूळ, टायमिंग सहा सेकंदांनी कमी झालं म्हणून खुशीत होता. माझं ऐकून खाली बघत म्हणाला, "दादा, आधी भरतीचं ग्राउंड होऊ दे ना, मग जोडू." भरतीची तारीख अजून लागलेली नाही.